जाळे गाडीतच राहू द्यावे: उत्तर अमेरिकेतील टॉपमिनो पाहणे, ओळखणे आणि सांभाळणे

उत्तर अमेरिकेच्या मध्य आणि आग्नेय भागांतील ओढ्यांवर टॉपमिनो पाहायला जाणाऱ्याने पहिल्या खेपेला जाळे गाडीतच राहू द्यावे. मासा हातात आल्याशिवाय पाहिल्याचे समाधान होत नाही, हे मान्य आहे; परंतु हा मासा पाण्याच्या अगदी वरच्या थरात वावरतो, त्याची पाठ, माथा आणि चालण्याची ढब काठावरूनच उत्तम दिसते, आणि जाळ्यात घाबरला की त्याचे रंग फिके पडतात. मिसुरी आणि इलिनॉय या राज्यांतील ओढ्यांवर काही उन्हाळे घालवल्यावर माझे असे मत झाले आहे की, या माशाकडे वरून पाहायला शिकले की निम्मी ओळख पटते, आणि घरच्या टाकीत तो टिकेल की नाही, हेसुद्धा त्याच्या पृष्ठभागावरच्या जगण्याची आपण किती दखल घेतो यावर ठरते.

टॉपमिनो हे किलीफिश म्हणवल्या जाणाऱ्या छोट्या माशांपैकी; या नावाचा इंग्रजीतील मारण्याच्या क्रियापदाशी काही संबंध नाही. ओढ्याला किंवा चिंचोळ्या जलमार्गाला डच भाषेत ‘किल’ म्हणतात, न्यूयॉर्कच्या परिसरातील कित्येक जुन्या स्थलनामांत तो शब्द आजही आहे, आणि त्यावरूनच हे नाव पडले असे सामान्यतः मानले जाते. किलीफिशांपैकी जे पृष्ठभागालगत राहतात, ते टॉपमिनो. त्यांतील ‘मिनो’ नावापुरता आहे. खरे मिनो कार्पच्या गोतातले, म्हणजे आपल्या रोहू-कटल्याचे भाऊबंद, तर टॉपमिनो गप्पीच्या बाजूचे. बहुतेक टॉपमिनो फंड्युलस या प्रजातीत मोडतात आणि तिच्यात सुमारे 40 जाती आहेत. गंमत अशी की लॅटिनमध्ये ‘फंडस’ म्हणजे तळ, आणि पृष्ठभागावर राहणाऱ्या माशांच्या वाट्याला तळाचे नाव आले आहे. अटलांटिक किनाऱ्यावरच्या खाऱ्या दलदलीत राहणारा आणि चिखलात शिरणारा ममिचॉग हा मासा त्या नावाला कारण झाला. हाच ममिचॉग 1973 मध्ये स्कायलॅब या अंतराळस्थानकावर गेला आणि अंतराळात गेलेला पहिला मासा ठरला. पण तो खाडीतला असल्यामुळे येथे त्याचा अधिक विचार केलेला नाही.

टॉपमिनोचे शरीर त्याच्या राहणीचे वर्णनच असते. माथा चपटा, तोंड वरच्या बाजूस उघडणारे, डोळे मोठे, पाठीवरचा पर खूप मागे सरकलेला आणि शेपूट गोलसर. उन्हाळ्यात साचलेल्या पाण्यातील प्राणवायू कमी झाला, तरी हवेला चिकटून असलेल्या पाण्याच्या पातळ थरात तो पुरेसा असतो, आणि वर वळलेले तोंड नेमका तोच थर आत ओढते. इतर मासे जेथे गुदमरतात, तेथे टॉपमिनो निर्धास्त असतो, याचे कारण हे आहे. त्याच तोंडाने तो पाण्यावर पडलेल्या मुंग्या, माश्या आणि टोळांची पिल्ले टिपतो. अनेक जातींच्या माथ्यावर एक चंदेरी किंवा सोनेरी ठिपका असतो आणि ऊन पडले की तो आरशाच्या कवडशासारखा चमकतो. कोकणातल्या किंवा सह्याद्रीच्या ओढ्यांत असाच ठिपका मिरवत फिरणारा पट्टेदार पँचॅक्स ज्यांनी पाहिला असेल, त्यांना टॉपमिनो परका वाटणार नाही. दोघेही एकाच गणातील आहेत.

काठावरून कसे पाहावे

मे ते सप्टेंबर हा काळ उत्तम. सकाळी ऊन पाण्यावर पुरते उतरल्यानंतर, वारा पडलेला असताना जावे, कारण पाण्यावर तरंग उठत असतील तर या माशाचे काहीच दिसत नाही. पाण्यावरची झळाळी कापणारा पोलराइज्ड चष्मा अत्यावश्यक आहे. जवळच्या वस्तूवर स्थिरावणारी, म्हणजे दोन मीटरांवरचे स्पष्ट दाखवणारी दुर्बीण असेल तर जाळ्याची उणीव भासत नाही. आपली सावली पाण्यावर पडू न देणे ही पहिली अट. वरून येणारी सावली म्हणजे बगळा, एवढे या माशाला पक्के ठाऊक असते.

जागा निवडताना मुख्य धारेकडे पाहू नये. ओढ्याच्या वळणावरचे संथ पाणी, पाण्यात कोसळलेल्या झाडाचा आडोसा, काठाने वाढलेल्या वॉटर विलोच्या झुडपांची कड, पाणवनस्पतींच्या जाळीतील मोकळे कप्पे, अशा ठिकाणी बसावे आणि दहा मिनिटे हालचाल करू नये. आपण पोहोचताच मासे पांगतात, परंतु फार दूर जात नाहीत. थोड्या वेळाने एखादा परत येतो आणि काठाला समांतर, हातभर अंतरावरून, पहाऱ्यावर असल्यासारखा फेऱ्या घालू लागतो. पुष्कळदा नर-मादीची जोडी एकत्र फिरताना दिसते. एखादा कीटक जवळपास पाण्यात पडला तर मासा आधी थांबतो, अंगाची दिशा बदलतो आणि मगच झेपावतो. पाण्यावरचे सूक्ष्म तरंग टिपणारी संवेदक छिद्रे त्याच्या माथ्यावर असतात. गवताचे बारीक तूस पाण्यावर हळूच टाकून हे स्वतः पाहता येते. मासा येतो, तुसाला तोंड लावतो आणि सोडून देतो. दुसऱ्यांदा मात्र सहसा फसत नाही.

दक्षिणेकडील दलदलींत स्टारहेड टॉपमिनो पाहताना आणखी एक प्रकार दिसू शकतो. मोठ्या माशाने पाठलाग केला की तो सरळ उडी मारून काठावरच्या ओलसर मातीवर येऊन पडतो आणि धोका टळल्यावर पुन्हा उड्या मारत पाण्यात जातो. पाणी कोणत्या दिशेला आहे, हे तो सूर्याच्या स्थानावरून ताडतो, असे प्रयोगांतून दिसून आले आहे. काठावर असा मासा पडलेला दिसला तर त्याला मदत करायला धावू नये; त्याला वाट माहीत असते.

ओळख पटवताना

सर्वप्रथम समोरचा मासा टॉपमिनोच आहे ना, याची खात्री करावी, कारण त्याच पाण्यात, त्याच थरात गंबुसिया म्हणजे डासमासा हमखास असतो. तो आकाराने लहान, करड्या रंगाचा आणि बिनपट्ट्याचा. मादीच्या पोटाशी गर्भारपणाचा काळा डाग दिसतो, आणि नराचा पोटामागचा गुदपर सुईसारखा निमुळता असतो, कारण हा मासा अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देतो. टॉपमिनोच्या नराचा गुदपर रुंद, पंख्यासारखा असतो. गंबुसिया मराठी वाचकांना नावाने परिचित असण्याचा संभव आहे: डासांच्या नियंत्रणासाठी तो 1928 मध्ये इटलीमार्गे भारतात आणला गेला आणि हिवतापविरोधी कामात गप्पीबरोबर अजूनही सोडला जातो. डास खाण्याची त्याची कीर्ती मोठी आहे. परंतु इतर माशांची अंडी-पिल्ले तो तितक्याच आवडीने खातो, ही बाजू फारशी सांगितली जात नाही.

एकदा टॉपमिनो निश्चित झाला की आडवा पट्टा आहे का, हे पाहावे. तोंडाच्या टोकापासून डोळ्यातून शेपटीपर्यंत गेलेला एकच रुंद काळा पट्टा असेल, तर मासा दोनपैकी एका जातीचा असतो: ब्लॅकस्ट्राइप म्हणजे फंड्युलस नोटॅटस, किंवा ब्लॅकस्पॉटेड म्हणजे फंड्युलस ऑलिव्हॅसियस. या दोघांची फारकत करताना अनुभवी माणसेही अडखळतात, म्हणून येथे थोडे थांबणे योग्य ठरेल. पट्ट्याच्या वरच्या भागात, पाठीच्या उतारावर, पाहावे. तेथे शाईने टोचल्यासारखे काळेभोर, स्पष्ट कडांचे गोल ठिपके असतील तर तो ब्लॅकस्पॉटेड. ठिपके नसतील, किंवा असले तरी पुसट, तपकिरी आणि विरलेल्या कडांचे असतील, तर ब्लॅकस्ट्राइप. एका ठिपक्यावरून निर्णय घेऊ नये. चार-सहा मासे पाहावेत आणि त्यांत नर किती, मादी किती हेही नोंदवावे, कारण मादीचे ठिपके कमी असू शकतात. नर-मादीचा फरक तुलनेने सोपा आहे: ब्लॅकस्ट्राइपच्या नराच्या पट्ट्याच्या कडा उभ्या रेघांनी दातेरी झालेल्या असतात आणि त्याचे पर मोठे असतात, तर मादीचा पट्टा पट्टीने आखल्यासारखा सरळ असतो.

पाण्याचा स्वभावही साक्ष देतो. ब्लॅकस्ट्राइप सखल प्रदेशातील संथ, काहीसे गढूळ पाणी पसंत करतो. ब्लॅकस्पॉटेड खडकाळ तळाच्या, स्वच्छ आणि वाहत्या ओढ्यांत अधिक आढळतो. इलिनॉयच्या मोठ्या भागात पट्टेवाला दिसला तर तो बहुधा ब्लॅकस्ट्राइप. सेंट लुइसजवळच्या मेरामेक नदीत दिसला तर बहुधा ब्लॅकस्पॉटेड. मात्र काही नद्यांत हा नियम उलटलेला आढळतो, आणि ओढा मोठ्या नदीला मिळतो अशा ठिकाणी दोन्ही जातींचा संकरही होतो. तेव्हा केवळ जागेवरून नाव ठरवू नये, आणि काही मासे निर्णयाविना सोडून द्यावे लागतात हेही स्वीकारावे.

पट्टा नसून डोळ्याखाली अश्रू ओघळल्यासारखा काळा डाग असेल, तर तो स्टारहेडांच्या गटातील. या गटात पाच जवळच्या जाती आहेत आणि कोणती कोठे राहते यावरूनच त्यांची नावे बहुतांशी ठरतात. अंगावर सोनेरी चकाकी, आणि नराच्या अंगावर त्याशिवाय तांबडे ठिपके असतील, तर तो गोल्डन टॉपमिनो, म्हणजे फंड्युलस क्रिसोटस. साउथ कॅरोलायनापासून टेक्सासपर्यंतच्या सखल पट्ट्यात तो सापडतो. उत्तरेकडील तळ्यांत अंगभर बारीक उभ्या रेघा असलेले मासे थव्याने दिसले तर ते बँडेड किलीफिश. ओझार्कच्या डोंगराळ ओढ्यांत, वाळू-गोट्यांवरच्या वीतभर पाण्यात, निळसर अंगावर तांबूस ठिपक्यांच्या माळा घेऊन फिरणारा मोठा मासा दिसला तर तो नॉर्दर्न स्टडफिश, फंड्युलस कॅटेनेटस. तो 15 सेंटीमीटरांच्या पुढेही वाढतो. विणीच्या दिवसांत त्याच्या नराला एकदा उन्हात पाहिले की उष्णकटिबंधातील रंगीत मासे विकत आणण्याची हौस बरीच ओसरते, निदान माझी तरी ओसरली.

पकडण्यापूर्वी

दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जाळे न्यायला हरकत नाही, परंतु त्याआधी त्या राज्याच्या वन्यजीव खात्याचे नियम वाचावेत. मासेमारीचा परवाना बहुतेक ठिकाणी लागतो, जिवंत मासा घरी नेण्याबाबत प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत, आणि संरक्षित जातींना जाळे लावणेही गुन्हा ठरू शकतो. हे सोपस्कार निरर्थक नाहीत. टेनेसीमधील बॅरन्स पठाराच्या झऱ्यांत राहणाऱ्या बॅरन्स टॉपमिनोचे शास्त्रीय वर्णन 1982 मध्ये झाले, आणि 2019 मध्ये त्याला संघराज्याच्या संकटग्रस्त यादीत घालावे लागले; त्याच्या झऱ्यांत बाहेरून आलेला गंबुसिया त्याची पिल्ले खातो, हे त्याचे मोठे कारण आहे. अलाबामातील हंट्सव्हिल शहराच्या झऱ्यात आढळलेल्या व्हाइटलाइन टॉपमिनोच्या बाबतीत तर यादीत घालण्याचीही वेळ आली नाही. 1891 मध्ये त्याचे वर्णन झाले, पुढे तो झरा शहराच्या बांधकामात जखडला गेला, आणि तो मासा आता नामशेष मानला जातो.

जाळे बारीक विणीचे, सपाट कडेचे आणि लांब दांड्याचे असावे. माशाच्या मागून न जाता जाळे त्याच्या पुढे, पाण्याखाली आधीच स्थिर धरावे आणि दुसऱ्या हाताने त्याला हळूहळू तिकडे वळवावे. पकडलेला मासा पारदर्शक पाण्याच्या डबीत ठेवून दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे आणि लगेच त्याच जागी सोडावा. एका ओढ्यातील मासा, पाणी किंवा वनस्पती दुसऱ्या ओढ्यात कदापि टाकू नये, आणि पुढच्या ओढ्यावर जाण्यापूर्वी जाळे व बूट पूर्ण वाळवावेत.

टाकीत सांभाळताना

पाळण्यासाठी ओढ्यातून मासे आणण्यापेक्षा स्थानिक मासे जोपासणाऱ्या हौशी मंडळींकडून टाकीत जन्मलेले मासे घ्यावेत. नवख्याने गोल्डन टॉपमिनोपासून किंवा फ्लोरिडातील ब्लूफिन किलीफिशपासून, म्हणजे ल्युकानिया गुडायपासून, सुरुवात करावी. गोल्डन टॉपमिनोसाठी टाकीची उंची महत्त्वाची नाही, पृष्ठभाग महत्त्वाचा आहे. 75 सेंटीमीटर लांब आणि 30 सेंटीमीटर रुंद टाकीत एक नर आणि दोन-तीन माद्या सुखाने राहतात. पाणी काठोकाठ न भरता वर पाच-सात सेंटीमीटर जागा सोडावी.

झाकणाबाबत कोणतीही सवलत घेऊ नये. माझ्या पहिल्या टाकीला काचेचे झाकण होते, आणि फिल्टरची नळी आत घेण्यासाठी कोपऱ्यात जेमतेम अंगठा जाईल एवढी फट मी ठेवली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी टाकीत तीनच मासे होते. चौथा, सर्वांत देखणा नर, सोफ्याच्या पायाशी वाळून पडलेला सापडला. जो मासा शत्रूला चुकवण्यासाठी जमिनीवर उडी घेणाऱ्यांच्या गोतातला आहे, त्याला फट शोधायला वेळ लागत नाही. नळीभोवतीची जागा स्पंजने बंद करावी, आणि तेवढ्यावर समाधान न मानता पाण्यावर तरंगत्या वनस्पतींचे दाट छत ठेवावे. डोक्यावर आडोसा असला की मासे दचकून उड्या मारत नाहीत.

फिल्टर स्पंजचा असावा, कारण जोरदार प्रवाहाने पृष्ठभाग सतत हलत राहतो आणि मासे बेचैन होतात. पाणी किंचित कठीण आणि उदासीन ते थोडे क्षारीय असावे. अमेरिकेच्या मध्य भागातील चुनखडीच्या प्रदेशातले नळाचे पाणी, क्लोरीन काढल्यावर, सहसा तसेच चालते. हीटरची गरज नाही. घराचे सामान्य तापमान पुरते, आणि हिवाळ्यात दोन-तीन महिने टाकी थंड खोलीत, 15 अंश सेल्सियसच्या आसपास ठेवली, तर वसंतात मासे विणीला जोमाने तयार होतात. वर्षभर एकाच तापमानात ठेवलेले मासे जगतात, पण मंदावतात.

खाद्य तरंगणारे किंवा अत्यंत सावकाश बुडणारे हवे. तळाशी गेलेला घास टॉपमिनो क्वचितच उचलतो, तो सडतो आणि पाणी बिघडते. नवे मासे कोरड्या खाद्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. त्यांना आरंभी पंखहीन फळमाश्या, डासांच्या अळ्या किंवा गोठवलेले रक्तकिडे द्यावेत आणि हळूहळू दाण्यांची सवय लावावी. सोबतीला तोंडात मावेल असा मासा ठेवू नये, आणि पर कुरतडणाराही ठेवू नये.

विणीसाठी ॲक्रिलिक लोकरीचा झुपका करावा. गडद हिरवी लोकर हाताच्या लांबीच्या पुस्तकाभोवती पन्नास-साठ वेळा गुंडाळून एका टोकाला घट्ट बांधावी, दुसरे टोक कापावे, रंग सुटत नाही ना हे पाहण्यासाठी गरम पाण्यात भिजवावी, आणि बुचाच्या तुकड्याला बांधून पाण्यावर तरंगती सोडावी. सकाळच्या उजेडात नर पर ताणून मादीच्या पुढे येतो, तिच्या माथ्यावर हनुवटी टेकवल्यासारखा काही वेळ पोहतो आणि तिला झुपक्याकडे वळवतो. दोघे अंगाला अंग लावून इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे वाकतात, नराचा गुदपर मादीच्या पोटाखाली दुमडतो, क्षणभर दोघांनाही थरथर सुटते आणि एक अंडे, एकच, चिकट तंतूने लोकरीला लटकते. मग दोघे विलग होतात आणि पुन्हा तेच. एकाच दिवसात सगळी अंडी होत नाहीत. हा क्रम कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे चालतो.

अंडी मोहरीच्या दाण्याएवढी आणि पारदर्शक असतात. त्यांचे कवच इतके टणक असते की ती बोटांच्या चिमटीत बिनधास्त उचलता येतात. चिमटीत फुटले तर ते अंडे मुळातच निकामी होते असे समजावे. दर दोन-तीन दिवसांनी अंडी वेचून त्याच टाकीच्या पाण्याने भरलेल्या उथळ डब्यात ठेवावीत, पांढरी पडलेली रोज काढून टाकावीत, कारण एका अंड्यावरची बुरशी शेजारच्यांवर पसरते. खोलीच्या तापमानात साधारण 10 ते 14 दिवसांत पिल्ले निघतात. त्याआधी दोन-तीन दिवस भिंगातून पाहिल्यास कवचाच्या आत गुंडाळलेले पिल्लू आणि त्याचे दोन डोळे स्पष्ट दिसतात. असे डोळे दिसू लागले की आर्टेमिया या कोळंबीसारख्या सूक्ष्म जिवाची अंडी उबवायला घालावीत, म्हणजे पहिला घास वेळेवर तयार असतो. गोल्डन टॉपमिनोची पिल्ले नुकत्याच निघालेल्या आर्टेमियाला लगेच तोंड लावतात. ब्लूफिनची पिल्ले बारीक असल्यामुळे त्यांना पहिले काही दिवस शेवाळलेल्या पाण्यातील सूक्ष्मजीव द्यावे लागतात. पिल्ले पहिल्याच दिवसापासून पृष्ठभागाशी लागून राहतात, म्हणून डब्यातील पाणी बदलताना वरून ओतू नये, काठाने सोडावे. तिसऱ्या आठवड्यापासून मोठी पिल्ले लहानांना गिळू लागतात, तेव्हा आकारानुसार त्यांची वाटणी करावी.

ब्लूफिन किलीफिशच्या बाबतीत एवढा खटाटोप न करता दाट वनस्पतींची टाकी लावून स्वस्थ बसले तरी पिल्ले आपोआप दिसू लागतात. फ्लोरिडाच्या नितळ झऱ्यांत त्याच्या नरांचे गुदपर बहुधा तांबडे किंवा पिवळे असतात, आणि चहासारख्या रंगाच्या दलदलींत निळे नर अधिक आढळतात. म्हणून दोन वेगळ्या ठिकाणांहून आलेले मासे एकत्र करू नयेत आणि टाकीवर मूळ ठिकाणाची चिठ्ठी लावून ठेवावी. पिल्ले जास्त झाली तर ती त्या चिठ्ठीसकट दुसऱ्या हौशी माणसाला द्यावीत, पण ओढ्यात सोडू नयेत, अगदी त्यांचे आजोबा त्याच ओढ्यातून आलेले असले तरीही.